लाटेवर स्वार होण्याचा लातूर पॅटर्न

विंडसर्फिंग म्हणजे पाण्यावरच्या फळीवर शीड उभं करायचं, त्याच्या आडव्या दांडीला लोंबकळायचं आणि वारा नेईल तिकडे न जाता आपल्याला हवं तिकडे जायचं. त्यातल्या लाटांच्या स्पर्धेत फळीसकट लाटेवर चढायचं, हवेत उडी घ्यायची, शक्यतो फळीवरच परत उतरायचं आणि काठावरच्या परीक्षकांकडून गुण घ्यायचे. ब्रिटनमधली कॉलेजची पोरं असल्या स्पर्धा भरवतात. नीटच्या यादीत नांदेड-लातूरची नावं शोधावी लागत नाहीत. या स्पर्धांच्या यादीत मात्र ती दिसत नाहीत. कारण उघड आहे, या विषयाचे क्लासेस अजून निघाले नाहीत. ते निघेपर्यंत पुढील नोट्सवर काम भागवावं.

१. लाट मिळवणे

मराठवाड्यात लाटांची टंचाई नाही. मे महिन्यात उष्णतेची येते, डिसेंबरात थंडीची, निवडणुकीत ज्याची त्याची. परीक्षक मात्र पाण्याचीच लाट धरतात. तशी लाट उठायला जोराचा वारा लागतो, तो बराच वेळ वाहावा लागतो आणि त्याला मोकळ्या पाण्यावर लांबच लांब धावायला मिळावं लागतं. समुद्रावर ही धाव शेकडो किलोमीटरची असते. नांदेडजवळ विष्णुपुरीला गोदावरी तुडुंब असली तरी वाऱ्याचा जरा कुठं जम बसतो तोच पलीकडचा काठ येतो. लातूरकरांची अडचण निराळी. त्यांना पाणी पाजणारं मांजरा धरण धनेगावला, म्हणजे केज तालुक्यात, म्हणजे बीड जिल्ह्यात. सरावाला जायचं तरी जिल्हा ओलांडायचा.

रोजच्या पेपरात धरणाचा साठा दलघमीत येतो, तो वाचायची सवय लावावी. ‘धरण जोत्याखाली’ असं छापून आलं की सराव रद्द समजावा. जोत्याखालच्या मृतसाठ्यावर लाट येत नाही. पाहणी दौरा येतो.

कोकणात जावं, तर तिथला समुद्रही अभ्यासक्रमाला अनुकूल नाही. लाटा आणि वारा दोन्ही पावसाळ्यात जोरात असतात आणि नेमका तेव्हाच, मेअखेर ते ऑगस्टअखेर, किनाऱ्यावरचा जलक्रीडेचा धंदा बंद असतो. दिवाळीत सुट्ट्या मिळतात तोवर समुद्र शहाण्या मुलासारखा शांत झालेला असतो.

२. साहित्य नेणे

लाटांवरची फळी सव्वादोन मीटरच्या आसपास असते. डोलकाठी त्याहून लांब, पण दोन तुकड्यांत निघते. वर गुंडाळलेलं शीड. हे सगळं घेऊन नांदेड-पनवेल गाडीत चढावं. ती लातूरवरूनच जाते, त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांचा संघ एकाच डब्यात भांडू शकतो. जागेबद्दल कुणी हटकलंच, तर फळी दोन बाकांच्या मध्ये आडवी टाकून तिच्यावर तीन म्हाताऱ्यांना बसवावं. पुण्यापर्यंत तुमच्या सामानाला कुणी हात लावणार नाही.

गोदावरीत सराव करणाऱ्यांसाठी खास सूचना. वाळू उपसणाऱ्यांचे तराफे महसूलचं पथक वरचेवर पकडतं आणि काठावर आणून जाळतं. लांबून तुमची फळी तराफ्यासारखीच दिसते. शिडावर ठळक अक्षरांत ‘वाळू नाही’ असं लिहून घ्यावं.

३. वारा ओळखणे

यासाठी परदेशी प्रशिक्षक नको, घरचा आजा पुरे. खळ्यावर उपणणी करताना तो तिवईवर चढायचा, भरलेली पाटी खांद्याच्या वर धरायचा आणि थांबायचा. चिमूटभर भुसा सोडून बघायचा. वारं पडलं की पाटी खाली, वारं सुटलं की हात सैल. दाणे पायाशी पडायचे, भुसकट बाजूला उडायचं. वाऱ्याची दिशा, त्याचा जोर, झुळूक किती वेळ टिकेल, सगळा हिशोब कानाच्या पाळीवर. फळीवर उभ्या असलेल्या माणसालाही हेच करायचं असतं, फक्त त्याच्या हातात पाटीऐवजी शीड असतं. आज्याला हे सांगून पाहा. तो फळीकडे बघून एवढंच विचारील, “ह्याच्यावर उभं राहून काय करायलास बा? काही येतंय का पदरात?” या प्रश्नाचं उत्तर स्पर्धेच्या नियमावलीत नाही.

४. शीड उचलणे

नवशिक्याचं शीड बहुतेक वेळ पाण्यात आडवं पडलेलं असतं. ते उचलायला डोलकाठीला दोर असतो. वारा पाठीवर घ्यावा, गुडघे वाकवावे, पाठ ताठ ठेवावी आणि विहिरीतून पोहरा शेंदतात तसं हातावर हात घेत शीड शेंदावं. झटका मारला की शीड वर येतं आणि तुम्ही मागच्या मागं पाण्यात जाता. ज्यांच्या घरी पहिल्यापासून नळ आहे त्यांना हे जड जातं. तरी नळाला आठवड्यातून किती दिवस पाणी येतं यावरून त्यांचा शेंदण्याचा सराव ठरवता येईल.

५. लाटेवरचा हक्क

नियम सोपा आहे. लाट आधी ज्यानं धरली, ती त्याची. दुसऱ्यानं मध्ये घुसायचं नाही. हा नियम लातूरच्या मुलांना शिकवणं म्हणजे त्यांचा अपमान आहे. आधी घागर लावली त्याचा नंबर, हे त्यांनी टँकरच्या रांगेत पाठ केलंय. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लावली होती. पुढच्या महिन्यात मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे आली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. लाटांच्या स्पर्धेच्या एका फेरीत बहुधा दोघे किंवा चौघेच पाण्यात उतरतात. म्हणजे जमावबंदी लागू असली तरी स्पर्धेला कायद्याची अडचण नाही. अडचण पाण्याची.

६. गुण

फेरी दहा-बारा मिनिटांची. कितीही लाटा घ्या, धरतात त्या सर्वांत चांगल्या एक-दोन. उड्यांचंही तसंच. दहावीला ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ अनुभवलेल्या विद्यार्थ्याला ही पद्धत घरचीच. सवय मोडावी लागेल ती एकच. इथं मागच्या दहा वर्षांच्या लाटा सोडवून काही उपयोग होत नाही, कारण तीच लाट पुन्हा येत नाही. जुने पेपर सोडवून घेणारा लातूर पॅटर्न इथं प्रथमच गडबडतो.

७. समुद्र नसल्याची सबब

इथवर वाचून तुम्ही सुटकेचा निःश्वास टाकला असेल: आपल्याकडे समुद्रच नाही, विषय संपला. तो संपत नाही. १९६४ मध्ये अमेरिकेत न्यूमन डार्बी नावाच्या पाट्या रंगवणाऱ्या माणसानं फळीला शीड जोडलं, ते पेनसिल्व्हेनियात, नदीच्या गोड्या पाण्यात. २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत इबाद अलीनं विंडसर्फिंगमध्ये भारताला कांस्य मिळवून दिलं. त्याच स्पर्धेत शिडाच्या होडीत रौप्य जिंकणारी नेहा ठाकूर देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. ती शिकली भोपाळच्या तलावात. भोपाळला समुद्र नांदेडपेक्षा जवळ नाही.

आपल्या नांदेडच्या विद्यापीठाचा पत्ताच विष्णुपुरी. पाणी हाकेच्या अंतरावर. पण पाणी आपण मोजतो, साठवतो, त्यावरून वरच्या जिल्ह्यांशी भांडतो. त्यात उतरायचं कसं, हे मात्र पोरांना कुणी शिकवत नाही. आणि दर पावसाळ्यात तळ्यात, बंधाऱ्यात, नदीत उतरलेली कॉलेजची मुलं बुडाल्याची बातमी येते. त्या बातमीवर विनोद करता येत नाही.

शून्यावी पायरी

म्हणून जी पायरी सर्वांत आधी सांगायला हवी होती ती आता सांगतो. पूर्वी पोराच्या पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचे, कंबरेच्या दोराचं टोक काका धरायचा आणि विहिरीच्या पायऱ्यांवरून पोराला ढकलून द्यायचा. आठ दिवसांत भोपळा सुटायचा. ढकलणं तेवढं वगळा. भोपळ्याच्या जागी लाइफ जॅकेट आणि काकाच्या जागी शिकवणारा माणूस हवा. धरणाचे दरवाजे उघडले असताना आणि नदीला पूर असताना पाण्याच्या जवळही जाऊ नका. येत्या उन्हाळ्यात, जवळपास कुठं पाणी शिल्लक असेल तर, आधी पोहायला शिका. फळी, शीड आणि लाट यांचं नंतर बघू.