वर्षातून एकदाच येणारी भरती

चंदीगडपासून जवळात जवळचा समुद्र हजार किलोमीटरांच्या पलीकडे आहे. अलिबागहून आलेल्या माणसाला हे दोन-तीन दिवसांतच डाचू लागतं. आत्याला आधी सुखना दाखवला. ओढ्याला बांध घालून 1958 साली केलेला हा तलाव. तिने पूर्ण काठ चालून पाहिला आणि म्हणाली, "तळं छान आहे हो." 'तळं'वर जोर.

सेक्टर 43 मध्ये राहण्याची सोय अशी, की इथे जिल्हा न्यायालयही आहे आणि हिमाचलच्या गाड्यांचं स्टँडही. घरातला कुठलाही तंटा या दोहोंपैकी एका ठिकाणी मिटतो. आम्ही स्टँड निवडलं आणि बिलासपूरची बस पकडली. भाक्रा धरणाने सतलज अडवली, तिच्या फुगवट्याला गोविंदसागर नाव पडलं आणि त्याच्या काठी बिलासपूर आहे. सागर आहे, काठ आहे, गाव आहे. आणखी काय हवं?

एप्रिल सरत आला होता. या दिवसांत इकडची हवा घटकेत पालटते, कारण थेट भूमध्य समुद्राकडून निघालेली वादळी हवा हिमालयावर येऊन आदळते. म्हणजे समुद्र आमच्याकडेही येतो, फक्त परदेशातून आणि आभाळातून. आत्याने छत्री, स्वेटर, गॉगल आणि पंचा असं सगळं घेतलं होतं. रोपडला गॉगल लागला. किरतपूरच्या पुढे स्वेटर. मग बोगदे सुरू झाले. उन्हात आत शिरायचं आणि पावसात बाहेर पडायचं! पुढच्या बोगद्यातून निघालो तर टपावर गारांचा ताशा. "कोकणात पाऊस जूनला येतो आणि मुक्काम करतो," आत्या म्हणाली. "हा नुसताच डोकावतो."

बिलासपूरला उतरलो तेव्हा पुन्हा लख्ख ऊन. आत्याने पाणी पाहिलं, नाक वर करून वास घेतला. खारं काही लागेना. मग तिने चहावाल्याला अलिबागी हिंदीत महत्त्वाचा प्रश्न विचारला, "भरती कब आती है?"

तो क्षणभर घोटाळला. मी खुलासा केल्यावर म्हणाला, "पानी? सितंबर में, माताजी."

आत्या माझ्याकडे बघतच राहिली. पण माणूस खरंच बोलत होता. धरणवाल्यांच्या हिशेबात 21 मे ते 20 सप्टेंबर पाणी चढायचं आणि पुढचे आठ महिने उतरायचं. वर्षाला एक भरती, एक ओहोटी. चंद्राचा काही संबंध नाही, सगळं कार्यालयातून. शिवाय हा सागर पूर्ण भरला की त्याचं पाणी समुद्रसपाटीपासून 512 मीटर उंचीवर असतं. समुद्रानेच समुद्रसपाटी न पाळायची म्हणजे कमाल झाली.

ओहोटी मात्र अस्सल निघाली. जुनं बिलासपूर या पाण्याखाली गेलं. माणसं वर सरकली, नवं गाव आखलं गेलं. देवळं तिथेच राहिली. पाणी उतरलं की गाळात रुतलेली शिखरं वर येतात, उजनीत पळसदेवचं देऊळ येतं तशी. आत्या पंचा डोक्यावर घेऊन चिखल तुडवत थेट एका देवळाशी गेली. ओहोटीला कुलाबा किल्ल्यावर चालत जाणाऱ्या बाईला याचं काय! तिने दगडावरचा वाळलेला गाळ नखाने खरवडला, हात जोडले आणि पहिल्यांदाच तक्रार न करता उभी राहिली. तेवढ्यात वीज कडाडली.

भिजून वर आलो तर खानावळीत तळलेला मासा. याच पाण्यातला, सिल्व्हर कार्प. आत्याने घास घेतला, काटा काढला, दुसरा काढला, पुढचा काढता काढता थांबली.

"मीठ कमी आहे."

"वरून घे ना."

"माशाला नव्हे. पाण्याला."

तरीही ताट तिने चाटूनपुसून संपवलं. परतीच्या बसमध्ये बोगद्याच्या अंधारात तिने कंडक्टरला 20 सप्टेंबरचं तिकीट आत्ताच मिळेल का, असं विचारलं.