उसन्या राजाचा पराक्रम

ब्रिजच्या टेबलावर सगळ्यात स्वस्तात मिळणारं शौर्य म्हणजे बॅलन्सिंग. प्रतिपक्ष एक बदाम, दोन बदाम करून थांबतो, दोन पास पडतात आणि पहिल्या फेरीत मुकाट बसलेल्या वीराला कंठ फुटतो: दोन इस्पिक! हातात इस्पिकची पाच पानं आणि जेमतेम आठ गुण. हिशेब मात्र चोख असतो. एकूण गुण 40. समोरचे दोनवरच थांबले, म्हणजे त्यांच्याकडे साधारण निम्मे. उरलेले भिडूकडे असणारच. थोडक्यात, तो भिडूचा राजा उसना घेऊन त्याचीच पानं बोलतो. पंचाईत पुढेच आहे. भिडू आपले 12 गुण कौतुकाने न्याहाळतो आणि तीन इस्पिक म्हणतो. एकाच सातबाऱ्यावर दोन बँकांचं कर्ज!

मग पास करावं का? मुळीच नाही. त्यांचे दोन बदाम झाले तर 110 जातात. आपले दोन इस्पिक एका हाताने बुडाले तर, व्हल्नरेबल नसताना, फक्त 50. शिवाय ते चिडून तीन बदामांवर चढले आणि बुडाले, तर उलट कमाईच. पण व्हल्नरेबल असताना कुणी डबल दिला, तर तेच एका हाताने बुडणं 200 ला पडतं आणि इतर टेबलांवरच्या 110, 140 पुढे तो आकडा उठून दिसतो. तेव्हा धाडस करावं, पण बोर्डाचा रंग बघून; आणि उसना घेतलेला राजा भिडूने पुन्हा मोजू नये. हे त्याला डाव संपल्यावर सांगण्याची प्रथा आहे, तेही मोठ्या आवाजात.