पंधरा नंबरची नोटीस

आमच्या अण्णांसमोर ‘रीस्टार्ट’ हा शब्द काढायचा नसतो. महिनाअखेर होती, पगाराच्या स्लिपा मेलने पाठवणारी सर्व्हिस सकाळपासून गप्प होती, आणि अकाउंट्सच्या मॅडम सर्व्हर रूमच्या दारात उभ्या.

“अण्णा, एकदा बंद करून चालू करा ना.”

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. “मॅडम, पोरगं तापाने फणफणलं तर घसा न बघताच डोक्यावर घागर ओतता का?”

मग नाडीपरीक्षा. ‘पीएस’ चालवून पाहिलं. सर्व्हिस जिवंत. अण्णा काळ्या पडद्याकडे असे बघतात, जणू आतून कोणी खोकणार आहे. पडद्यामागे मुकाट राबणाऱ्या असल्या प्रोग्रॅमला युनिक्समध्ये ‘डीमन’ म्हणतात. त्याला कोणी सैतान म्हटलं की अण्णा १९६३ सालात शिरतात : एमआयटीतल्या प्रोजेक्ट मॅकच्या मंडळींनी हे नाव मॅक्सवेलच्या भौतिकशास्त्रातल्या डीमनवरून उचललं, त्यात पाप काही नाही, हवं तर मुंजा म्हणा. मॅडमना स्लिपा हव्या होत्या.

टीममधला नवा मुलगा पुटपुटला, “किल मायनस नाइन मारू?”

हे मात्र अण्णांच्या वर्मी लागतं. “अरे, १५ नंबरचा सिग्नल म्हणजे रीतसर नोटीस. आवराआवर करा, दिवे मालवा, निघा. ९ म्हणजे भाडेकरूला उचलून थेट रस्त्यावर! दारावरची पाटी तशीच राहते. मग नवा येतो, पाटी वाचतो, म्हणतो इथे कोणीतरी राहतंय, आणि परत जातो.” पाटी म्हणजे पीआयडी फाइल. हा प्रसंग त्या मुलाच्या हातून दिवाळीत घडला होता, त्यामुळे तो खाली बघू लागला.

‘डीएफ’ने सांगितलं, डिस्क १०० टक्के भरलेली. ‘डीयू’ने फायलींची बेरीज केली, ती जेमतेम ६० टक्के. अण्णांचा चेहरा उजळला. बिघाड साधा निघाला तर हा माणूस दिवसभर उदास असतो. ‘एलएसओएफ’ चालवलं, आणि एका भल्यामोठ्या लॉग फाइलसमोर ‘डिलीटेड’ असा शेरा दिसला.

“सापडलं! मॅडम, सातबाऱ्यावरून नाव उडालंय, पण वहिवाट चालू आहे.”

मॅडमचं माहेर जुन्नरचं. त्यांना हे एकदम कळलं. कोणीतरी लॉग फाइल ‘आरएम’ने उडवली होती, पण सर्व्हिसने ती उघडी धरून ठेवलेली. म्हणजे यादीत फाइल नाही, डिस्कवर जागा मात्र अडलेली, आणि सर्व्हिस बिचारी इमानाने त्याच बिननावाच्या फाइलीत लिहीत बसलेली, डिस्क भरेपर्यंत.

“मग आता?”

“आता तिला सोडायला लावायचं.”

“म्हणजे?”

अण्णा जरा घुटमळले. “म्हणजे... रीस्टार्ट.”

मॅडमनी घड्याळात पाहिलं. पावणेदोन तास झाले होते. “तुमचं रीस्टार्ट वेगळं, माझं वेगळं,” अण्णा म्हणाले, आणि १५ नंबरची नोटीस बजावली. सर्व्हिस शहाण्यासारखी उठून गेली, डिस्क ६० टक्क्यांवर उतरली, पुन्हा चालू केल्यावर स्लिपा भराभर सुटल्या. मॅडमचा फोन वाजला. पहिली स्लिप त्यांचीच.

इथे उठायला हरकत नव्हती. पण अण्णांना गुन्हेगार हवा होता. “फाइल उडवायची नसते, रिकामी करायची असते. शंभरदा सांगितलंय!” पोरं भिंतीला टेकून उभी राहिली. ‘सुडो’ने कोणी, कधी, काय चालवलं याची नोंद राहते. ती नोंद अण्णांनी उघडली, ‘आरएम’ शोधलं, आणि बोट ठेवून मोठ्याने वाचू लागले : “शनिवार, रात्री ११ वाजून ४०...”

शनिवारी रात्री घरून लॉगिन करण्याची परवानगी ऑफिसात एकाच माणसाला आहे.

अण्णांनी ‘क्लिअर’ टाइप केलं. पडदा कोरा झाला.

“अरे, कोणीतरी चहा सांगा रे,” ते म्हणाले. “आणि मॅडमसाठी बिनसाखरेचा.”