विद्यापीठाचे संकेतस्थळ : उभारणी व निगा

संकेतस्थळ उभारण्याआधी ते कोण पाहणार, हे ठरवावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंत 10 जिल्हे येतात. त्यात कुणाला ‘फुले 265’ उसाचे बेणे हवे असते, कुणाला ‘भगवा’ डाळिंबाची रोपे, तर कुणाला मुलीच्या प्रवेशाची यादी. ही मंडळी बांधावर उभी राहून मोबाइलवर पाहतात. विद्यापीठ कोणतेही असो, वाचक असाच असतो. त्याची नीट नोंद घ्यावी आणि संकेतस्थळ तपासणी समितीसाठी बांधावे. शेतकरी काही शेरा मारत नाही.

मग संकेतस्थळ चालवणारी प्रणाली निवडावी. ड्रुपलचे मूळ बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठाच्या वसतिगृहात आहे. पोरांना आपसात निरोप ठेवायला जागा हवी होती. 2001 मध्ये ती प्रणाली सर्वांसाठी खुली झाली, 2003 मध्ये वर्डप्रेस आले. दोन्ही फुकट मिळतात, म्हणून समितीला त्यांचा संशय येतो. अशा वेळी निविदा काढावी. फुकटची वस्तू योग्य दरात मिळाली की सर्वांचे समाधान होते.

या दोन्ही प्रणालींत मजकूर वेगळा आणि मांडणी वेगळी ठेवलेली असते. त्यामुळे परीक्षा विभागाच्या लिपिकाला सूचना स्वतः टाइप करून दोन मिनिटांत प्रसिद्ध करता येते. हा धोका वेळीच ओळखावा. वर्डप्रेसमध्ये मुळात 5 दर्जे आहेत : प्रशासक, संपादक, लेखक, योगदानकर्ता आणि सदस्य. यातल्या योगदानकर्त्याला लिहिता येते, प्रसिद्ध करता येत नाही. लिपिकाला तेवढाही दर्जा देऊ नये. त्याने सूचना टाइप करावी, छापावी, सही-शिक्क्यासाठी फिरवावी, परत आली की तिरकी स्कॅन करावी आणि ‘नोटीस फायनल नवीन 2’ या नावाची पीडीएफ ‘वेबसाइटवाल्या सरां’ना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावी. सर पेपर तपासणीला गेलेले असतात. टाइप केलेला मजकूर शोधला की सापडतो. असे स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो, त्यामुळे मजकूर शोधाची कटकट राहत नाही.

दुरुस्ती करताना विशेष काळजी घ्यावी. वेळापत्रक चुकले तर सुधारित पीडीएफ जुन्याच नावाने चढवावी. वर्डप्रेस जुनी फाइल पुसत नाही. त्याच महिन्याच्या कप्प्यात नवीच्या नावामागे ‘-1’ जोडून तिला शेजारी ठेवते. जुना दुवा जुनेच वेळापत्रक दाखवत राहतो आणि दोन्हींवर कुलसचिवांची सही असते. विद्यार्थी हुशार असेल तर दोन्ही दिवशी येईल.

सूचनेचे शीर्षक मराठीत, शक्य तितके लांब द्यावे. शीर्षकावरून बनणाऱ्या पानाच्या पत्त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाची टक्केवारीच्या खुणांसह 9 अक्षरे होतात. काना, वेलांटी, उकार स्वतंत्र धरले जातात. म्हणजे नुसत्या ‘सूचना’ची 45 अक्षरे झाली. वर्डप्रेस पत्त्याच्या या भागाला 200 अक्षरेच देते, त्यामुळे सुमारे 22 चिन्हांनंतर शीर्षक तुटते. ‘पदव्युत्तर प्रवेशप्रक्रियेच्या मुदतवाढीबाबत’मधली मुदतवाढ पत्त्यात पोहोचतच नाही. उरलेला दुवा कुणी फोनवरून सांगू शकत नाही, हा गोपनीयतेचा लाभ.

नामांतराची तयारी ठेवावी. ऑक्टोबर 2024 मध्ये राहुरीच्या अहमदनगर जिल्ह्याचे अहिल्यानगर झाले. जिल्ह्याचे नाव सेटिंगमध्ये एकाच ठिकाणी लिहिलेले असते, तर ते तिथे बदलताच सगळ्या पानांवर बदलले असते. म्हणून ते बॅनरच्या चित्रात कोरावे, तळटीपेत हाताने लिहावे आणि स्कॅन केलेल्या परिपत्रकांत कायमचे बसवावे. पुढे नाव-दुरुस्ती उपसमितीला पुरेसे काम राहते.

सुरक्षेबाबत याच जिल्ह्याची परंपरा मोठी आहे. शनिशिंगणापुरात घरांना कुलपे नसतात. युको बँकेनेही 2011 मध्ये तिथे बिनकुलपाची शाखा काढली. त्याच श्रद्धेने वापरकर्त्याचे नाव ‘अ‍ॅडमिन’ ठेवावे आणि पासवर्ड संगणकाच्या पडद्यावर चिकटवावा. प्लगइन अद्ययावत करू नयेत. चालू गाडीला हात लावू नये. ड्रुपल 7 ची सुरक्षा-दुरुस्ती 5 जानेवारी 2025 रोजी बंद झाली, ही बातमी निविदेच्या पुढच्या फेरीसाठी राखून ठेवावी. बॅकअप घ्यावा, पण त्याच सर्व्हरवर.

शेवटची पायरी कायद्याची. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळे महाराष्ट्राला केंद्राच्या 2005 च्या कायद्याआधीच माहितीचा अधिकार मिळाला. केंद्राच्या कायद्याचे कलम 4 तर 17 बाबी कुणी न मागता जाहीर करायला सांगते. त्यांच्यासाठी मुखपृष्ठावर ‘माहिती अधिकार’ असे लुकलुकणारे बटण ठेवावे आणि ते ‘काम चालू आहे’ या पानाला जोडावे. बेण्याची उपलब्धता विचारणारा शेतकरी तरीही 10 रुपयांचा मुद्रांक लावून अर्ज करील. 30 दिवसांची मुदत पूर्ण वापरून त्याला टपालाने कळवावे : मागितलेली माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे.