एकशेबत्तीसचे बाबा

त्यांचं आडनाव सोसायटीत आता कुणाला आठवत नाही. मुलाचा आयक्यू १३२ निघाला, त्या दिवसापासून ते 'एकशेबत्तीसचे बाबा'. चाचणीचा अहवाल त्यांनी लॅमिनेट करून स्कूटरच्या डिकीत, पीयूसीशेजारी ठेवलाय. पोलिसानं अडवलं तर आधी कोणता कागद निघेल, सांगता येत नाही.

सरासरी १०० धरली की १३०च्या वर शंभरात जेमतेम दोन मुलं सापडतात. आमच्या सोसायटीत मुलं एकूण २२. त्यांतली ९ तिथंच सापडली. उरलेल्यांची चाचणी व्हायचीय.

बाबा बोलतात ते प्रथमपुरुषी अनेकवचनात. "यंदा आमची पाचवीची स्कॉलरशिप. पुढच्या वर्षी होमी भाभा." बाईंनी वहीवर 'अक्षर सुधारा' असा शेरा मारला, तर म्हणाले, "डोकं पुढे पळतं हो, हात मागे राहतो." १९६२ साली आप्पा पेंडशांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी काढली, ती बुद्धिमान मुलं हेरावीत आणि त्यांची बुद्धी देशाच्या कामी यावी म्हणून. यातला हेरण्यापर्यंतचा भाग बाबांना तोंडपाठ आहे.

स्कॉलरशिपच्या दिवशी मीही फाटकाबाहेर होतो. पहिला पेपर सुटला. ७५ प्रश्न, १५० गुण. बाबांनी प्रश्नपत्रिका स्कूटरच्या सीटवर पसरली आणि पोराच्या तोंडात मोसंबीची फोड कोंबत विचारलं, "अठ्ठाविसाव्याला काय केलंस?"

"दोन."

बाबांचं उत्तर तीन. दहा मिनिटं आकडेमोड झाली. पोराचं बरोबर निघालं, तेव्हा बाबांनी प्रश्नच संदिग्ध ठरवला.

एकदा न राहवून मी त्यांना टर्मनची गोष्ट सांगितली. १९२१च्या सुमाराला या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं कॅलिफोर्नियातली हजाराहून जास्त हुशार मुलं चाचण्या घेऊन निवडली आणि मरेपर्यंत त्यांचा माग ठेवला. शॉकली आणि अल्वारेझ ही दोन पोरं त्या चाळणीतून खाली पडली. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांतल्या एकालाही नाही.

बाबा गंभीर झाले. मला वाटलं, लागलं कुठेतरी.

"पालकांची चूक," ते म्हणाले. "तेव्हाच फेरतपासणीचा अर्ज टाकायला हवा होता."

पोरगा मात्र गोड आहे. संध्याकाळी अबॅकसला जाण्याआधी माझ्या तळमजल्यावरच्या ओट्यापाशी उकिडवा बसून मुंग्या बघतो. परवा विचारत होता, "काका, रांगेतली पहिली मुंगी कुणाच्या मागून जाते?" मला आलं नाही. तोही काही बोलला नाही, बघत राहिला. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून हाक आली.

मुंग्या रोज येतात. साखर मीच टाकतो, बाबांना सांगू नका.