पाणी घेऊन आलेला पाहुणा

आमच्या बीडजवळच्या पालीला दारात पाहुणा आला की आधी तांब्याभर पाणी येतं. तो कोण, कुठला, ही चौकशी नंतर. बिंदुसरा नदी आटलेल्या उन्हाळ्यातही हा क्रम मोडत नाही. म्हणूनच की काय, जिथं पाणी विचारणारंच कुणी उरलेलं नाही अशा जपून ठेवलेल्या घरात शिरताना मी अवघडतो. पुण्याच्या गंज पेठेतला फुलेवाडा, जोतीराव फुले आणि त्यांच्या पत्नी सावित्रीबाई यांचं घर, तसा. उंबरा ओलांडला की आवाज आपोआप खाली येतो, जणू घरधनी नुकतेच आडवे झालेत. भिंतीवरची चित्रं पाहताना हात पाठीशी बांधले जातात. इतकं शहाण्यासारखं आपण जिवंत माणसांच्या घरी कधी वागतो?

घर व्हिक्टोरिया राणीच्या अमलातलं. आम्हा बीडकरांचं या राणीशी नातं दूरचं. आमच्यावर निजाम, बाजारात त्याचा हाली सिक्का. तरीही ती आमच्यापर्यंत पोचली, राणीछाप रुपया होऊन. त्याला कडी लावून म्हाताऱ्या तो गळ्यात घालीत, त्यामुळे लहानपणी मला ती सम्राज्ञी न वाटता कुणाची तरी मानी आत्याबाई वाटे. तिचा मुलगा, ड्यूक ऑफ कॅनॉट, पुण्यात असताना हरि रावजी चिपळूणकरांनी 1888 साली त्याच्यासाठी मेजवानी दिली. दागदागिन्यांनी लखलखणाऱ्या त्या मंडळींत जोतीराव गेले ते शेतकऱ्याच्या वेषात, आणि राणीची खरी रयत ही नव्हे, असं राजपुत्राला उभं राहून सांगून आले. त्या रात्री दारावर जो कुणी उभा असेल, त्याची मला फार दया येते.

1868 मध्ये याच घरातला पाण्याचा हौद जोतीरावांनी अस्पृश्यांसाठी खुला केला. हे आठवलं आणि खांद्यावरच्या पिशवीतली वीस रुपयांची बाटली उगाच जड झाली. पाण्यासाठी ज्यानं सगळ्या गावाशी वैर घेतलं, त्याच्या घरी मी माझं पाणी विकत घेऊन आलो होतो! घोट घेतला खरा, पण भिंतीकडे तोंड करून.

मागच्या बाजूला समाधी आहे. आपल्याला मिठात पुरावं, ही जोतीरावांची इच्छा. जागाही त्यांनी ठरवून ठेवली होती. पण 1890 साली ते गेले तेव्हा नगरपालिकेनं वस्तीत दफनाला परवानगी नाकारली; ज्या नगरपालिकेचे ते स्वतः काही वर्षं सभासद होते, तिनंच. मग दहन झालं. अंत्ययात्रेपुढचं टिटवं सावित्रीबाईंनी धरलं. अस्थी मात्र इथंच, तुळशीवृंदावनापाशी आल्या. नियम पाळला गेला आणि माणूसही आपल्या अंगणात परतला. नियमांना हुलकावणी द्यायची त्यांची सवय तशी जुनीच.

तुम्ही गेलात तर सवड काढून जा. पेठेचं नाव आता महात्मा फुले पेठ आहे. रिक्षावाल्याला मात्र गंज पेठच सांगा.