सेल्फ ‘अपग्रेड’ करून देणाऱ्या शेठना अनावृत पत्र

रा. रा. गॅरेजमालक शेठ यांसी,


आपलं नाव मी इथे लिहीत नाही आणि आपल्या पाटीवर काय रंगवलंय तेही सांगत नाही. बारामती-इंदापूर पट्ट्यात गॅरेजं पुष्कळ आहेत. एकाचंच कौतुक केलं तर बाकीच्यांचा हिरमोड व्हायचा. पत्र मात्र खुलं ठेवलंय. आपण माझ्या गाडीवर केलेले उपकार एकट्याने पोटात ठेवणं मला जड जातंय, आणि जुनी गाडी घेऊन उद्या आपल्या दारात येणाऱ्या माणसाला त्यांची आगाऊ कल्पना असलेली बरी.

वाचकांसाठी गाडीची ओळख करून देतो. प्रीमियरची जुनी फियाट, इंजिन 1089 सीसीचं. पण हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलेलं, जोड कार्ब्युरेटर चढवलेले. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तेव्हा याच फियाटा अशाच तयार करून पळवल्या जायच्या. आपल्या देशात स्पोर्ट्स कार परवडत नव्हती त्या काळात आपल्या माणसांनी घरच्या गाडीचीच स्पोर्ट्स कार केली. तेवढ्यासाठी तरी ही गाडी हात लावण्याआधी दोन मिनिटं नीट पाहावी अशी आहे.

त्याबद्दलच आपले पहिले आभार. आपण दोन मिनिटंही घेतली नाहीत. बॉनेट अर्धवट उचललं, चावी एकदा फिरवली, आवाज ऐकला आणि निकाल दिलात : “सेल्फ गेला. अपग्रेड करा, टेन्शन संपलं.” (सेल्फ म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, वाचकहो.) एवढं जलद निदान मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनाही जमत नाही.

आपल्या टेबलावर मल्टिमीटर होता, शेठ. त्याला हात लावायचे कष्ट आपण घेतले नाहीत, याबद्दल मीटरच्या वतीने धन्यवाद. भरलेली बॅटरी विश्रांतीत 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते आणि सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली जाऊ नये. हे पाहायला लागणारा वेळ चहा गाळण्याइतका. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये मीटर लावून सेल्फ मारला असता, तर अर्धा व्होल्टसुद्धा मधे हरवता कामा नये हेही कळलं असतं. माझ्या गाडीत हरवत होता. इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थिंगची पट्टी हिरवी पडली होती, बोल्टखाली रंग आणि गंज दोन्ही होते.

सेल्फ जोरात फिरतो तेव्हा त्यातून 200 अँपिअरच्या घरात करंट जातो. वाटेत ओहमचा शंभरावा भाग एवढासा अडथळा असला, तरी दोन व्होल्ट तिथेच जळून जातात. उरलेल्या दहा व्होल्टवर वाढीव कॉम्प्रेशनचं इंजिन फिरवायला कुठलाही सेल्फ कुरकुरणारच. म्हणजे तक्रार सेल्फची नव्हती, वाटेची होती. आपण वाट तशीच ठेवून वाटसरू बदललात.

आता त्या वाटसरूविषयी. आपण मोठ्या अभिमानाने “गिअर रिडक्शनचा नवा सेल्फ” म्हणालात, तेव्हा मला खरंच आनंद झाला. सेल्फमधली ही सुधारणा माझ्या फार आवडीची आहे. 1962 मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लरने गाड्यांमध्ये असा सेल्फ बसवला. आतली छोटी मोटर भरभर फिरते, तिच्यापुढे साडेतीनास एक असा गिअर, आणि मग फ्लायव्हीलची रिंग फिरवणारं छोटं पिनियन. वेग कमी होतो, ताकद वाढते. वजन उतरतं, करंटही कमी लागतो, आणि तापलेलं, घट्ट झालेलं इंजिन मुकाट फिरतं. जुन्या ताकदवान गाडीला हा बदल करून घेणं शहाणपणाचं, यात शंका नाही.

क्रायस्लरचं नाव आपल्या तालुक्याला परकंही नाही. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ तयार झाल्या, मग फियाट आली. त्याच वालचंदांच्या नावाचं वालचंदनगर इंदापूर तालुक्यात आहे. तिथल्या कारखान्यात साखर कारखान्यांची यंत्रं, प्रचंड गिअरबॉक्स आणि इस्रोच्या रॉकेटच्या मोटरचे भाग घडतात. नीरेच्या काठावर माणसं अवकाशात जाणाऱ्या वस्तूची मापं सांभाळतात. अशा मातीत आपण गॅरेज थाटलंत, त्यामुळे मापाबद्दल आपल्याकडून अपेक्षा ठेवली गेली. ही अपेक्षा आपल्यावर लादली गेली, त्याबद्दल क्षमस्व.

आपला नवा सेल्फ मी उघडून पाहिला. बाहेरून काळा कुळकुळीत रंग, इतका ताजा की स्क्रूच्या खाचाही रंगाने भरल्या होत्या. तो खरवडून झाकण काढलं. आत साधं जुनं आर्मेचर, पिनियनला थेट जोडलेलं. कम्युटेटरवर नख अडकेल एवढे चर पडलेले. कार्बन झिजून स्प्रिंगच्या कडेला आलेले. पुढच्या बुशमध्ये वाळून काळं झालेलं ग्रीस, त्यात उसाच्या शेतातल्या काळ्या मातीचे कण. कुठल्या तरी ट्रॅक्टरने आयुष्यभर चिखल तुडवून झाल्यावर हा सेल्फ सोडला असावा. गिअर रिडक्शन मी फार शोधलं, शेठ. रिडक्शन फक्त माझ्या पाकिटात झालं होतं.

पुढचे आभार आवाजाचे. चावी फिरवली की “खर्रर्र” असा जो आवाज येऊ लागला, त्याला आपण “नवीन आहे, बसेल हळूहळू” म्हणालात. तो आवाज फ्लायव्हीलच्या रिंगचे दात खाल्ले जाण्याचा होता. पिनियनच्या दाताचं माप आणि रिंगच्या दाताचं माप एकच हवं, हे सायकलची चेन बदलणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. पिनियन सुटलेलं असताना रिंगपासून मागे उभं राहायला हवं, आणि आत गेल्यावर दात पूर्ण बसायला हवेत. फरक असेल तर शिम घालायचा. आपण बोल्ट आवळलेत आणि चहा मागवलात.

रिंग खराब झाली की काय करावं लागतं, तेही वाचकांना सांगायला हवं. गिअरबॉक्स उतरवायचा, क्लच काढायचा, फ्लायव्हील बाहेर घ्यायचं, जुनी रिंग फोडायची, नवी तापवून चढवायची. एका चुकीच्या पिनियनसाठी निम्मी गाडी खाली. इतकं मोठं काम आपण गावातल्या दुसऱ्या कारागिराला मिळवून दिलंत, त्याचा संसार आपल्याला दुवा देत असेल.

आणि सुदैव हे, की पिनियन रिंगमध्ये अडकून बसलं नाही. रिंगला पिनियनच्या दहा-बारा पट दात असतात. इंजिन 3,000 फेऱ्यांवर गेलं आणि पिनियन सुटलं नाही, पिनियनमागच्या क्लचनेही दगा दिला, तर आर्मेचर 30,000 च्या वर फिरतं. त्यातली तांब्याची गुंडाळी फुटून बाहेर फेकली जाते. एवढा तमाशा बघायचं माझ्या नशिबात नव्हतं, नाहीतर आपली तयारी पूर्ण होती.

उन्हाळ्याची सोयही आपण केलीत. जाड एक्झॉस्ट पाइप सेल्फच्या अंगालगत वळवून दिलात आणि मधे साधा पत्राही घातला नाहीत. मे महिन्यात इंदापूरहून भिगवणपर्यंत गाडी चालवून चहाला थांबलं की इंजिनची सगळी धग त्या सेल्फमध्ये मुरते. तांबं शंभर अंशांनी तापलं तर त्याचा रोध जवळजवळ 40 टक्क्यांनी वाढतो. म्हणून सकाळी थंड गाडी सुरू होते आणि दुपारी गरम गाडी टक् करून गप्प बसते. मग धाब्यावरची चार भली माणसं धक्का मारायला येतात. जुनी गाडी चालवणाऱ्यांना जगभर छळणारी ही गोष्ट. तिच्यावरचे उपायही तितकेच जुने : पाइप दूर ठेवा, मधे उष्णतेचा पडदा घाला, जाड केबल टाका. आपण तिन्ही टाळलेत. सातत्य म्हणतात ते हे.

आता माझा जुना सेल्फ. मी विचारलं तर आपण हसून म्हणालात, “तो भंगारात गेला.” मला न विचारता वस्तू वजनावर घातलीत; माझ्या घरातली अडगळ कमी व्हावी ही आपली कळकळ मला समजते. पण शेठ, त्या सेल्फला काय झालं होतं? फार तर बुश गेले असतील, कार्बन संपले असतील. बारामतीत, इंदापुरात, वाटेवरच्या प्रत्येक मोठ्या गावात ‘सेल्फ-डायनामो-वायरिंग’ अशी पाटी लावून माणसं बसली आहेत. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरचे सेल्फ त्यांच्याकडे रांगेत येतात. ती माणसं कम्युटेटर लेथवर घासतात, दोन पट्ट्यांमधला अभ्रक हॅक्सॉच्या पात्याने खाली घेतात, नवे बुश ठोकतात, फील्ड कॉइल तपासतात आणि टेबलावर फिरवून दाखवतात. फियाटचा तो सेल्फ त्यांच्या हातून सहज उभा राहिला असता.

मुंबईतली शेवटची पद्मिनी, म्हणजे हीच प्रीमियरची फियाट, टॅक्सी म्हणून 2023 च्या ऑक्टोबरअखेर वयाची मर्यादा ओलांडून रस्त्यावरून गेली. आता या गाडीचे सुटे भाग दुकानात सहज मिळणार नाहीत. जे आहे ते जपून वापरायचं, दुरुस्त करायचं, नवीन बसवलं तरी जुनं फडक्यात गुंडाळून मालकाच्या हातात द्यायचं. हा साधा रिवाज आहे.

बिलाचेही आभार मानायला हवेत. कच्च्या कागदावर एकच शब्द : “अपग्रेड”. मेक नाही, नंबर नाही, वॉरंटी नाही, सही नाही. तक्रार घेऊन आलो तेव्हा आपण म्हणालात, “जुनी गाडी म्हटल्यावर असं चालायचंच.” हे वाक्य आपण दिवसातून अनेकदा वापरत असणार, इतकं ते गुळगुळीत झालंय.

इथवर मी गोड बोललो. आता सरळ बोलतो.

आपल्याकडे एक पोरगा काम शिकतोय. मिसरूडही नीट फुटलेली नाही. आपण त्याला बॅटरीचं निगेटिव्ह न सोडता सेल्फच्या जाड केबलचा नट खोलायला सांगितलंत. पाना बॉडीला टेकला, ठिणगी उडाली, पान्यावर खड्डा पडला, पोरगं हात झटकत मागे सरलं आणि आपण “घाबरतो काय” म्हणून हसलात. त्या केबलला मधे फ्यूज नसतो. शेकडो अँपिअर त्या पान्यातून जातात. हातात अंगठी असती तर बोट गेलं असतं. माझं पाकीट, रिंगचे दात, जुना सेल्फ, सगळं मी एकवेळ सोडून देईन. हे सोडणार नाही. त्या पोराच्या आई-बापाने त्याला आपल्याकडे हुनर शिकायला पाठवलंय, आणि तो मीटर न लावता निदान करायला, न मोजता बोल्ट आवळायला आणि गिऱ्हाइकाला वाक्य ऐकवायला शिकतोय. उद्या तो आपलं गॅरेज टाकेल. तेव्हा आपली चूक या रस्त्यावर दोन ठिकाणी होईल.

सेल्फ अपग्रेड करा, जरूर करा. आधी बॅटरी, मग केबल, मग अर्थिंग, मग सेल्फ, या क्रमाने मोजून करा. दोष सापडला नसताना बदललेला भाग म्हणजे अंदाजाला लावलेली किंमत, आणि ती नेहमी गिऱ्हाइकच भरतं.

तेव्हा माझी मागणी लहानशी आहे. माझा सेल्फ कुठल्या भंगारवाल्याला दिला ते सांगा. मी स्वतः जाऊन शोधतो. बिलावर काय बसवलं ते खरं लिहा आणि गिअर रिडक्शनचे घेतलेले पैसे परत करा. आणि उद्या सकाळी दुकान उघडल्यावर पहिलं काम म्हणून त्या पोराला हाक मारा, बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडायला शिकवा आणि टेबलावरचा मीटर त्याच्या हातात द्या. आपल्याला वापरता येत नसेल तर दोघं मिळून शिका. वालचंदनगरचा कुणीही निवृत्त फिटर आनंदाने दाखवेल.

कळावे,
आपला,
एक फियाटवाला